बारा पिवळी यकृतं

१

"एखादं पिवळं निघालं असतं तर मी समजून घेतलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण बाराच्या बारा?"

स्टीलच्या ट्रेमध्ये ओल्या कापडावर दोन रांगा मांडल्या होत्या. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. उंदराचं यकृत ते केवढं! पण त्या एवढ्याशा गोष्टीने खोलीतल्या तीन मोठ्या माणसांची वाचाच बसवली होती. डाव्या रांगेतली यकृतं पिवळी असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उजवीकडची मात्र गडद लाल, तकतकीत असायला हवी होती. ती लोण्यासारखी पिवळीधमक पडली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, स्टूल शोधत मागे सरकले आणि स्टूल सापडण्याआधीच बसायला गेले. चिमणीने त्यांना दंडाला धरून सावरलं. चिमणी म्हणजे त्यांची संशोधक विद्यार्थिनी. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून पडलेलं नाव. आज तीसुद्धा गप्प होती.

आपल्या यकृताच्या पेशीत चरबी बनवण्याचा एक कारखाना असतो. 'चला, कामाला लागा' अशी हाळी देणारं एक प्रथिन तिथे असतं. या प्रयोगशाळेत त्याचं नाव होतं मुकादम. मुकादमाला वेळच्या वेळी गप्प करणारं दुसरं प्रथिन म्हणजे कडी. कडी ढिली पडली की मुकादम दिवसरात्र ओरडत सुटतो, कारखाना थांबत नाही, आणि दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाचंही यकृत चरबीने भरून जातं. पुढे सुजतं, मग दगडासारखं कडक होतं. सरांनी बारा वर्षं खर्ची घालून ती कडी घट्ट करणारं औषध शोधलं होतं. गोड खाणं चारून चारून ज्यांची यकृतं चरबीवर आणली, अशा उंदरांचे दोन गट होते. औषध मिळालेला गट 'बंद', कारण त्यांचा कारखाना बंद. औषध न मिळालेला गट 'चालू'. आधीच्या तीन फेऱ्यांत 'बंद' गटाची सगळी यकृतं लालबुंद निघाली होती.

आजची फेरी चौथी आणि शेवटची होती.

"म्हणजे औषध खोटं?" चिमणी कशीबशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. अंगणापलीकडच्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर एका माणसाला हेच औषध काल दुपारी टोचलं होतं. औषध घेणारा तो पहिला माणूस. दुसरं इंजेक्शन आज बाराला होतं.

तो माणूस म्हणजे डॉक्टरबाईंचा सख्खा मोठा भाऊ.

२

संस्थेचे संचालक आले ते ट्रेकडे न बघता थेट डॉक्टरबाईंकडे आले. "चौकशी तुम्ही करायची. तुम्ही सरांच्या हाताखालच्या नाही. त्यांच्या स्लाइड तपासता, तेवढाच तुमचा संबंध."

"साहेब, माझा भाऊ तिकडे..."

"माहितेय. म्हणून तर तुम्ही. तुम्ही औषधाची बाजू घेऊन खोटं बोललात तर भाऊ जाईल, औषधाच्या विरुद्ध खोटं बोललात तरी भाऊच जाईल. तुमच्याइतका खरं बोलायला बांधलेला माणूस मला या इमारतीत दुसरा मिळायचा नाही. साडेअकराला मला एकच सांगा. औषध खोटं, की माणूस खोटा?"

ते निघून गेले. 

दादा गेली चार वर्षं खंगत होता. बायोप्सीची स्लाइड डॉक्टरबाईंनी स्वतः पाहिली होती. सख्ख्या भावाचं यकृत भिंगाखाली बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पेशी पेशी फुग्यासारखी टम्म, आणि मधून कडकपणाचे धागे सरकायला लागलेले. त्यातून साखरेचा आजार, रोज सकाळी इन्सुलिन. या औषधाशिवाय त्याच्यासाठी आता फारसं काही उरलं नव्हतं. औषध खरं निघालं तर तो वाचणार, खोटं निघालं तर आज बाराला त्याला घरी पाठवणार. इतका साधा हिशेब होता.

खिशातला फोन थरथरला. दादाचाच निरोप. 'छोटे, तुमच्या दवाखान्यात जेवणाचं नाव काढायचं नाही असं दिसतंय.'

त्याही परिस्थितीत त्यांना हसू आलं. लहानपणापासून ताटाला नावं ठेवायची सवय! आईच्या हातचंही ज्याला कधी अळणी तर कधी खारट लागायचं, त्याला दवाखान्यातलं काय आवडणार? 'गुपचूप जे मिळेल ते खा,' असं त्यांनी लिहिलं आणि फोन खिशात टाकला.

३

"हे घातपाताचं काम आहे," सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जोर आला होता. "कुणीतरी पिंजऱ्यांवरची कार्डं बदलली. आणि स्पष्टच सांगतो, बाई, मागच्या बैठकीत 'घाई नको, माणसाला देऊ नका' म्हणून कोण उभं राहिलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय."

"मी उभी राहिले होते," चिमणी फणकारली. "म्हणजे काय मी पिंजऱ्यात हात घालून उंदरांच्या पोटात लोणी भरलं?"

"भांडायचं असेल तर माझ्यानंतर भांडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सर, कार्डं बदललेली नाहीत."

"कशावरून?"

"दोन घरांतलं सामान कुणी इकडचं तिकडे केलं, तरी एकूण सामान तेवढंच राहतं. कार्डांची अदलाबदल झाली असती तर उजवीकडची लाल यकृतं डावीकडे आली असती. लाल कुठेतरी दिसलं असतं ना? इथे लाल एकही नाही."

"मग औषधाऐवजी कुणी पाणी टोचलं असेल," सर म्हणाले. "कुपी तर हिच्याच ताब्यात असते."

या आरोपात मात्र तथ्य असू शकत होतं. डॉक्टरबाई चिमणीकडे वळल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण हनुवटी वर होती.

"पाणी टोचलं असेल तर कारखाना चालू सापडेल," चिमणी म्हणाली. "यकृतं काढल्या काढल्या मी प्रत्येकाचा तुकडा मशीनला लावलाय. मुकादमाने किती ऑर्डरी सोडल्या ते त्यात कळतं. सव्वादहाला निकाल. मी खोटी असेन तर तेव्हा दिसेनच."

पावणेदोन तास! एवढ्या वेळात डॉक्टरबाईंनी दोघांच्या जबान्या पुन्हा पुन्हा घेतल्या. सर परवा संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत परगावी, बैठकीला. तिकिटं दाखवली. चिमणी काल दिवसभर रुग्णालयात, दादाच्या भरतीची कागदपत्रं करत. परवा संध्याकाळपासून प्राण्यांच्या खोलीत दोघांपैकी एकानेही पाऊल ठेवलेलं नव्हतं; आज सकाळचे बारा उंदीरही आयतेच टेबलावर आले होते.

सव्वादहाला मशीनने आकडे दिले. चिमणीने ते एकदा वाचले. मग कागद उलटा करून, पुन्हा सुलटा करून वाचले.

"बाई, 'बंद' गटाचा कारखाना बंदच आहे. पक्का. एक ऑर्डर सुटलेली नाही."

"म्हणजे औषध चाललं?" सर ओरडलेच.

"चाललं. आणि तरी यकृतं चरबीने भरलीत."

तिघंही त्या ट्रेकडे बघत राहिले. कारखान्याला टाळं, आणि गोदाम काठोकाठ भरलेलं. माल आला कुठून?

४

डॉक्टरबाई आयुष्यभर पेशींशी बोलल्या होत्या. माणसं खोटं बोलत, पेशी कधीच नाही. त्या भिंगाशी बसल्या.

'चालू' गटाच्या पेशींत चरबीचे मोठे, सुस्त थेंब होते, एकेका पेशीत एकेक. महिनोन्महिने घरचंच खाऊन सुटलेल्या माणसासारखे. 'बंद' गटाच्या पेशींत मात्र बारीक बारीक फेस होता. घाईघाईने, एकदम, कुठून तरी येऊन कोंबल्यासारखा.

"ही चरबी जुनी नाही," त्या पुटपुटल्या. "दीडेक दिवसाची असेल."

मग त्यांनी ते केलं जे सकाळी कुणीच केलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे यकृतांवर खिळले होते, उरलेल्या देहांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. 'चालू' गटातल्या पहिल्या उंदराचं पोट त्यांनी उघडलं. आत चावलेलं खाणं, गच्च. 'बंद' गटातल्या पहिल्याचं उघडलं.

रिकामं. एक कणही नाही.

दुसऱ्याचं रिकामं. तिसऱ्याचं रिकामं. कातडीखालची, पोटातली चरबी विरघळल्यासारखी गेलेली, वजनाला प्रत्येक जण हलका. सहावं बघून झाल्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"चिमणे, यांना कुणीतरी उपाशी ठेवलंय."

"काय?"

"अन्न थांबलं की शरीर अंगावर साठवलेली चरबी मोडायला काढतं. ती रक्तातून जाते कुठे? यकृतात. कारखान्याच्या पुढच्या दाराला आपण कडी घातली, पण हा माल बाहेरून, मागच्या दाराने आलाय. औषधाचा यात काही दोष नाही. बिचारं पुढचं दार धरून उभं होतं."

सरांनी कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट! बारा वर्षं पुढच्या दाराशी बसलेल्या माणसाला घराला मागचं दारही असतं याचा विसर पडला होता.

"पण नुसते 'बंद' गटाचेच उपाशी?" चिमणी म्हणाली. "बाजूबाजूला पिंजरे आहेत. एकाच हाताने दोन्हींना खाणं घालायचं. अर्ध्यांना घातलं आणि अर्ध्यांचं काढून घेतलं? हे चुकून होत नाही, बाई. हे कुणीतरी मोजून मापून केलंय."

दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

५

प्राण्यांची खोली बघून डॉक्टरबाई आणखीच चक्रावल्या. आज कापायला न काढलेल्या 'बंद'च्या आठ उंदरांपैकी एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मरून पडला होता. खाण्याच्या जाळ्या रिकाम्या, घासून पुसून उपड्या ठेवलेल्या. आणि तरी पाण्याची बाटली प्रत्येक पिंजऱ्याला ताजी भरलेली. भुसा कोरडा, नवा. कार्डं एका रेषेत. कुणाचा घात करायला निघालेला माणूस त्याला पाणी भरून देतो? त्याची गादी झटकतो?

पिंजऱ्यांची जबाबदारी उंदीरमामांची. तीस वर्षं तेच काम. ते परवा दुपारी तीन दिवसांच्या रजेवर गेले होते. डॉक्टरबाईंनी फोन लावला. पलीकडे आधी एक कोवळं रडणं ऐकू आलं आणि मग मामा.

"बाई, नात झाली! दोन किलो नऊशे! थांबा, आवाज ऐकवतो..."

"मामा, अभिनंदन. पण आधी सांगा, जाताना 'बंद' गटाचं खाणं काढून ठेवलं होतं का?"

"मी?" मामांचा आवाज फुटला. "मी उपाशी ठेवीन? बाई, घरचं पोर जेवलं नाही तर बायको मला सांगत नाही, कारण ते जेवेपर्यंत मी कुणाला सोडत नाही. तुम्ही मला हे विचारलंत?"

"रागावू नका. तुमच्या जागी कोण आहे?"

"रुग्णालयातून दिलीय एक. बदलीवर. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मदतनीस असते. लाख मोलाची बाई हो. मी सगळं दाखवून आलो. म्हटलं, कार्ड वाचायचं, कार्डाबाहेर काही करायचं नाही."

बदलीबाई शेजारच्या धुण्याच्या खोलीतच होती. पन्नाशीची, ठेंगणी, पदर खोचून बाटल्या उकळत होती. डॉक्टरबाईंना बघून तिने हात पुसले.

"तुम्ही 'बंद' गटाचं खाणं काढलंत?"

"हो," ती सहज म्हणाली. "परवा संध्याकाळीच काढलं. जाळ्यापण धुऊन ठेवल्यात."

मागे उभ्या असलेल्या सरांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. डॉक्टरबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"का काढलंत?"

"का म्हणजे? कार्डावर लिहिलंय ना." ती आता गोंधळली. एकाकडून दुसऱ्याकडे बघत म्हणाली, "आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या आधी पलंगावर पाटी लावतात. 'बंद' म्हणजे खाणं बंद, पाणी चालू. 'पूर्ण बंद' असलं तर पाणीपण काढायचं. यांच्यावर नुसतं 'बंद' होतं, म्हणून पाणी ठेवलं. कालपासून इतकं केविलवाणं बघत होते हो माझ्याकडे. मला घास जाईना. पण मामा म्हणाले, कार्डाबाहेर काही करायचं नाही. आणि आज सकाळी कापणार होते ना त्यांना? म्हटलं बरोबरच आहे, ऑपरेशनच्या आधी उपाशीच ठेवतात."

एकच शब्द, आणि अंगणाच्या दोन बाजूंना त्याचे दोन अर्थ. इकडे कारखाना बंद, तिकडे तोंड बंद. कुणी घात केला नव्हता. उलट जिने केलं तिने आयुष्यातलं सगळ्यात काटेकोर काम केलं होतं.

सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "संपलं! औषध खरं, माणूसही खरा. चला, साहेबांना सांगू."

पण डॉक्टरबाई हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. त्या सावकाश चिमणीकडे वळल्या.

"काल तू दादाची कागदपत्रं केलीस. त्याचा गट कुठे लिहिलास?"

"फायलीवर. आणि... रक्त घ्यायला येतील त्यांना कळावं म्हणून..." चिमणीचे ओठ पांढरे पडले. "बाई, मी पलंगाला कार्ड लावलं. आपलं कार्ड."

"कुठल्या मजल्यावर आहे तो?"

"दुसऱ्या. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. दुसरीकडे पलंग रिकामा नव्हता."

६

डॉक्टरबाई शेवटच्या कधी धावल्या होत्या त्यांना आठवत नव्हतं. अंगण, फरशीचा जिना, पहिला मजला, दुसरा. छातीत कळ येत होती आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. जेवणाचं नाव काढायचं नाही असं दिसतंय. नाव काढायचं नाही. आणि मी काय लिहिलं? गुपचूप जे मिळेल ते खा.

काल रात्रीचं जेवण नाही. सकाळचा चहा नाही, नाश्ता नाही. आणि इन्सुलिन? ते तर दादा घरच्यासारखं स्वतःच टोचून घेतो, सकाळी आठच्या ठोक्याला. पोटात अन्न नसताना!

खिडकीजवळच्या पलंगाच्या पायथ्याशी चिमणीच्या सुबक अक्षरातलं कार्ड लटकत होतं. 'बंद — १.'

दादा कुशीवर झोपला होता. दिसायला किती शांत!

"त्यांना आत्ताच डोळा लागलाय," शेजारच्या पलंगावरचे आजोबा कुजबुजले. "उठवू नका. मघाशी उगाच काहीतरी बरळत होते, घामाघूम झाले होते. आता निवांत पडलेत."

डॉक्टरबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. गार, ओलं, चिकट. "दादा! ए दादा!" पापणी हलली नाही.

"सिस्टर! साखर मोजा, आधी ग्लुकोज आणा!"

सिस्टर धावत आल्या, बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. शिरेत सुई, मोठ्या सिरिंजमधून ग्लुकोज. डॉक्टरबाईंनी हाताने पेशंटचा दंड धरला होता की लहानपणी रस्ता ओलांडताना त्या धरायच्या तो दंड, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

"बाराला त्यांना काहीतरी करणार होते ना," सिस्टर रडवेल्या आवाजात सांगत होत्या. "पाटी बघून मला वाटलं त्यासाठीच बंद ठेवलंय. रात्री त्यांनी जेवण मागितलं होतं. मीच म्हटलं, काका, तुमचं बंद आहे. ते म्हणाले, बरं."

बरं. आईच्या ताटाला नाव ठेवणारा माणूस नुसतं 'बरं' म्हणाला होता! औषधाचाच भाग असेल, असं समजून. जगायचं होतं त्याला.

एक मिनिट गेलं. दोन. चिमणी दारात भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

दादाच्या भुवया आधी हलल्या. मग त्याने डोळे उघडून बहिणीकडे बराच वेळ, ओळख पटवत, पाहिलं.

"छोटे," तो जड जिभेने म्हणाला, "तू... रडतेस कशाला? मी नापास झालो का?"

७

साडेअकराचे पावणेबारा झाले. संचालक वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्येच आले.

"औषध खरं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुरावा चिमणीच्या कागदात आहे. आणि माणूसही खोटा नाही."

"मग दोष कुणाच्या नावावर लिहू? एक उंदीर मेला, फेरी वाया गेली, एक रुग्ण थोडक्यात वाचला. वर कळवायचं तर नाव लागतं."

"त्या बदलीच्या बाईचं लिहा," सर घाईने म्हणाले. "कामाची माहिती नसताना..."

"तिला जेवढं सांगितलं तेवढं तिने केलं, सर. मशीनने केलं असतं त्याहून चोख."

"माझं लिहा," चिमणी म्हणाली. "कार्ड मी लावलं."

"तू लॅबचं कार्ड लावलंस, सगळे लावतात तसं. खरा गुन्हेगार तो शब्द आहे. चरबी बनणं बंद, असं पूर्ण लिहायला काय झालं होतं? आळस केला. कुणी आणला हा शब्द लॅबमध्ये?"

सर चिमणीकडे बघायला लागले, चिमणी जमिनीकडे.

"बोल ना. आता काय लपवायचं?"

"बाई," चिमणी अगदी हळू म्हणाली, "पहिल्या फेरीच्या स्लाइडवर एवढं लांब नाव मावत नव्हतं. तुम्ही काचेच्या कडेला बारीक अक्षरात 'बंद' आणि 'चालू' लिहून पाठवलंत. सरांना ते आवडलं. तेव्हापासून सगळीकडे..."

डॉक्टरबाईंना ती काच दिसली. पेन्सिलीचं टोक दिसलं. तेव्हा आपण स्वतःवर किती खूश झालो होतो तेही आठवलं. दोन अक्षरांत काम भागलं म्हणून! सकाळपासून त्या दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर ज्याला शोधत फिरत होत्या, तो हा असा, त्यांच्याच अक्षरात काचेवर बसला होता.

त्यांनी संचालकांच्या हातातला कागद घेऊन त्यावर पहिलं नाव लिहिलं. स्वतःचं.

संचालकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "चाचणी होईल," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी, नवी कार्डं, नवे शब्द. पण तुमच्या भावाचं..."

"मला माहितेय नियम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मीच सांगते त्याला."

दादा उशीला टेकून बसला होता. मांडीवर ताट. तो इतक्या मन लावून जेवत होता की त्यांना दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

"सांग," तो घास न थांबवता म्हणाला. "तू लहानपणी वाईट निकाल आणायचीस तेव्हा असाच चेहरा असायचा."

"औषध चांगलं आहे, दादा. काम करतं. पण तुला आता यातून बाहेर पडावं लागेल. मध्ये असा झटका आला की नियमाने नाव काढतात. तुझ्या तपासण्यांचे आकडे आता भरवशाचे राहिले नाहीत."

त्याचा हात ताटावर थांबला. "दुसरं इंजेक्शन नाही?"

"नाही."

"मग कधी?"

"सगळ्यांना द्यायची परवानगी मिळाली की. दोन वर्षं, तीन... मी खोटं सांगणार नाही." " त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "चूक माझी आहे, दादा. तो शब्द माझाच होता."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या गळ्याची हाडं किती वर आली होती! दोन-तीन वर्षं. त्याच्या यकृताकडे तेवढा वेळ आहे का, ते सांगू शकणारी या इमारतीतली एकमेव व्यक्ती त्याच्यासमोर उभी होती. आणि त्याने तिला ते विचारलं नाही.

"तोवर मला टिकवणार तुझ्याशिवाय कोण?" तो म्हणाला. "आण तो नाव काढायचा कागद. कुठे सही करू?"

त्याने खरकट्या हाताने पेन धरलं आणि सही केली. खाली थोडा डाग पडला.

दारात कुणीतरी घुटमळत होतं. बदलीबाई होती. डोळे सुजलेले, पदर मुठीत चुरगाळलेला. माफी मागायला आली असेल म्हणून डॉक्टरबाई पुढे झाल्या, पण ती वेगळंच बोलली.

"बाई, मी एक विचारू का? कार्डाबाहेरचं आहे, म्हणून विचारते. 'बंद'मधले सात जण अजून तसेच आहेत पिंजऱ्यात. सकाळपासून कुणीच काही म्हणालं नाही. त्यांना... घालू का खायला?"

चार तास! पोटं उघडली, फोन केले, शब्दाचा छडा लावला, स्वतःचं नाव लिहिलं. आणि संस्थेतल्या एकाही शहाण्या माणसाच्या मनात हे आलं नव्हतं.

डॉक्टरबाई काही बोलायच्या आधी पलंगावरून आवाज आला. दादाने ताट बाजूला सारलं होतं.

"अहो, विचारताय काय?" तो म्हणाला. "पळा ना आधी! आणि छोटे, तूही जा. एकदम पोटभर घालू देऊ नकोस त्यांना. थोडं थोडं घाल."